माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण : एका सहीचा हिशेब

(एका जिल्हा अभ्यासशिबिरात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

विद्यापीठातील माहिती तंत्रज्ञानाच्या शिक्षणाविषयी बोलण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस. मागणी, पुरवठा आणि पंचवार्षिक योजना शिकवता शिकवता निवृत्त झालो. संगणकाची साधी आज्ञावलीही मला लिहिता येत नाही. परंतु या शिक्षणाशी माझा एकदा संबंध आला आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही. तेथूनच सुरुवात करतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीचा एक सदस्य म्हणून मी एका विनाअनुदानित महाविद्यालयात गेलो होतो. त्यांना माहिती तंत्रज्ञानाची नवी शाखा सुरू करावयाची होती. प्रयोगशाळेत संगणक ओळीने मांडलेले होते. एका यंत्राच्या पाठीवर रंगाने घातलेला क्रमांक मी सहज वाचला. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तो क्रमांक नव्हता. तो त्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयाचा होता. ज्या अध्यापकांची ओळख करून देण्यात आली, त्यांपैकी एकाला ग्रंथालय कोणत्या मजल्यावर आहे हे ठाऊक नव्हते. मी ही गोष्ट समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घातली. ते म्हणाले, “सर, यंत्रे आज ना उद्या येतीलच. मुलांचे वर्ष कशाला बुडवता?” मी सही केली. त्या अहवालावर ती आजही असेल.

पुढे पाच-सहा वर्षांनी, त्याच महाविद्यालयातून पदवी घेतलेला माझ्या गावाकडचा एक मुलगा शिफारसपत्रासाठी माझ्याकडे आला. वडिलांनी जमीन गहाण ठेवून त्याचे शुल्क भरले होते. पतसंस्थेत लिपिकाची जागा होती, तिच्यासाठी त्याला पत्र हवे होते. मी विचारले, चार वर्षे काय शिकलास? तो म्हणाला, “सर, एका यंत्रावर आम्ही चौघे बसायचो. जो हुशार, त्याच्या हातात कळफलक, बाकीचे बघायचे. मी चार वर्षे बघितले, सर.” शेवटच्या वर्षीचा प्रकल्प त्याने महाविद्यालयाजवळच्या एका दुकानातून तयार विकत घेतला होता, हेही त्याने काही न लपवता सांगितले. सगळेच घेत होते.

मित्रहो, हे एका महाविद्यालयाचे किंवा एका भित्र्या प्राध्यापकाचे पाप म्हणून सोडून देता येणार नाही. त्याची मुळे मागे जातात आणि ती शोधताना आपल्याला आपल्या चळवळीकडेही पाहावे लागेल.

या देशात संगणकाचे ज्ञान प्रथम आले ते सार्वजनिक पैशातून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६३ साली कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये आय. बी. एम. चे यंत्र आले आणि तेथे विद्यार्थ्यांची एक पिढी घडली. १९७८ साली आय. बी. एम. कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भागभांडवल कमी करण्याची अट तिला मान्य नव्हती, आणि उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. आता देशातील संगणक बंद पडणार, असे भाकीत तेव्हा करण्यात आले. ते खोटे ठरले. कंपनीने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल सी. एम. सी. या सार्वजनिक कंपनीने केली. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण पुढे याच कंपनीने केले. ज्ञान सार्वजनिक असले की कंपनी गेल्याने ते जात नाही, हा त्याचा अर्थ.

त्याच काळात कामगार चळवळीपुढे निराळा प्रश्न होता. यंत्र आले तर माणूस जाईल, ही भीती खोटी नव्हती. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात कलकत्त्यास संगणकाविरुद्ध पहारा दिला. यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते प्रा. वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ साली आला. अखेर सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी करार करून मर्यादित यांत्रिकीकरणास मान्यता दिली. किती यंत्रे, कोणत्या शाखांत, कोणत्या अटींवर, याचा काटेकोर सौदा झाला.

आता दुसरी घटना पाहा. वर्ष तेच, १९८३. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मी तेव्हा नुकताच अध्यापक झालो होतो. आपल्यापैकी अनेकांनी देणगीविरुद्ध सभा घेतल्या, मोर्चे काढले, हे खरे. परंतु तो विरोध देणगीच्या आकड्यापुरता राहिला. वर्गात काय शिकवणार, कोण शिकवणार, प्रयोगशाळा कोण तपासणार, यांवर आपण सौदा केला नाही. यंत्राच्या दारात आपण पहारा दिला आणि यंत्र शिकवणाऱ्या शाळेचे दार मोकळे सोडले. आपली चूक ती हीच. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै प्रकरणात देणगी अमान्य केली, पण विनाअनुदानित संस्थांना आपले शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. तोवर ही व्यवस्था रुजून वीस वर्षे होत आली होती.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र समजण्यास मोठ्या ग्रंथांची गरज नाही. नाशिककडचा शेतकरी ते जाणतो. यंदा कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात. माल एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो, मग लागवड घटते आणि पुन्हा भाव चढतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात. रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७६ साली तो अभियंत्यांच्या बाजारपेठेला लावून दाखविला. आपल्याकडे १९९९ च्या सुमारास, सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी आज्ञावलीकारांना मागणी आली आणि माहिती तंत्रज्ञानाच्या शाखा भराभर निघाल्या. २००१ साली अमेरिकेतील बाजार पडला तेव्हा त्या वर्गांतील मुले अजून शिकतच होती. आज तोच लोंढा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पाटीकडे वळला आहे. फरक इतकाच, की कांद्याला चार महिने लागतात आणि अभियंत्याला चार वर्षे. आणि भाव पडला म्हणून बावीस वर्षांच्या मुलाला रस्त्यावर ओतून देता येत नाही.

येथे शासनाने समतोल राखावयाचा असतो. झाले उलट. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी करणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेतील प्रवेशसंख्येवरची मर्यादाही काढून टाकली. म्हणजे ज्या वर्षी भाव, त्या वर्षी लागवड.

मग विद्यापीठाने शिकवावे तरी काय? उद्योगाला हवे ते शिकवा, असे सांगण्यात येते. परंतु मोठ्या कंपन्या स्थापत्य किंवा यंत्र शाखेची मुलेही घेतात आणि काही महिन्यांत त्यांना आपल्या कामापुरते तयार करतात. जे काम कंपनी स्वतःच्या खर्चाने करते, ते शेतकऱ्याच्या कर्जाने विद्यापीठात कशासाठी करावयाचे? आज्ञावलीच्या भाषा दहा वर्षांत बदलतात. तर्कशास्त्र, गणित, एखादे काम किती पायऱ्यांत होईल हे मोजण्याची रीत, जाळ्यातून माहिती कशी प्रवास करते याचे ज्ञान, हे टिकते. ज्याचा पाया पक्का आहे तो नवी भाषा स्वतः शिकतो. ज्याने केवळ भाषा पाठ केली आहे तो प्रत्येक लाटेला बेकार होतो. कंपनी गेल्यावर उरते ते हेच ज्ञान, आणि विद्यापीठाचे काम ते देण्याचे आहे.

दुसरी गोष्ट, हे ज्ञान समाजात नेऊन वापरण्याची. आपल्या रेशन दुकानांत अंगठा घेणारे यंत्र आले आहे. विडी वळून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्राला पटत नाही आणि म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत जाते. सर्वांच्या बोटांना रेषा असतातच, असे गृहीत धरून कोणीतरी ती व्यवस्था रचली. माहिती तंत्रज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक महिना रेशन दुकानात बसून कोणाचा अंगठा उमटत नाही याची नोंद करावी आणि त्यावर तोडगा लिहावा. हा प्रकल्प दुकानात विकत मिळणार नाही.

भाषेचा प्रश्नही यातलाच. २०२१ साली मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी मिळाली, हे चांगले झाले. पण शिकवणे मराठीत आणि नोकरीची मुलाखत इंग्रजीत, असे असेल तर पालक आपल्या मुलाला त्या वर्गात का घालील? मराठीतून शिकलेल्या अभियंत्यांना राज्य सरकारने स्वतःच्या माहिती तंत्रज्ञान विभागात आधी घ्यावे. मग पुस्तकेही निघतील.

आता आपले काम. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क राज्य शासन भरते. निर्णय स्वागतार्ह आहे. पण याचा अर्थ असा, की विनाअनुदानित म्हणविणाऱ्या वर्गांत आता सार्वजनिक पैसा जात आहे. जेथे आपला पैसा, तेथे हिशेब मागण्याचा आपला हक्क. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाचा चौकशी अहवाल २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विद्यापीठाकडून मागा. अध्यापकांची यादी घ्या आणि ते खरोखर शिकवतात का, हे विद्यार्थ्यांना विचारा. एका यंत्रावर किती मुले बसतात ते मोजा. मोर्च्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्रही येत नाही. पण १९८३ साली आपण जे केले नाही, ते हेच.

असा अहवाल मागताना एखाद्या जुन्या फाईलमध्ये माझी सही तुमच्या हाती लागेल. ती लपवू नका. खाली मोठ्या अक्षरांत छापा.