नाव, जागा आणि हप्ता



मृग लागला की सगळे आभाळाकडे बघतात. पण ज्याचे घर कुडाचे आहे, तो आधी आढ्याकडे बघतो. कुठे गळेल? भांडे कुठे ठेवू? लेकरे कुठे निजवू? जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराचे पाणी गावांत शिरले. माणसांचे संसार उघड्यावर पडले. पक्के घर ही चैन नाही, हे त्या दिवशी साऱ्यांना कळले.

गरिबाला घर मिळावे म्हणून सरकार पैसा देते. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. आपण तिला घरकुल म्हणतो. १०० रुपयांतले ६० केंद्र सरकार देते, ४० राज्य सरकार देते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध यांच्यासाठी रमाई आवास योजना आहे. आदिवासींसाठी शबरी योजना आहे. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे.

मग तरी माणसे कुडातच का राहतात? घरकुल तीन ठिकाणी अडते. नावापाशी, जागेपाशी आणि हप्त्यापाशी.

पहिले नाव. आमच्या वर्गाला एक मावशी येत. त्या सही शिकल्या. मग अक्षर लावून वाचू लागल्या. एक दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची यादी त्यांनी बोट ठेवून वाचली. वरून खाली वाचली. पुन्हा वाचली. त्यांचे नाव नव्हते. त्या म्हणाल्या, "पाहणी झाली तवा आमी वीटभट्टीवर होतो, बाप्पा. घराले कुलूप होतं. कोनाले सांगाव?"

मावशी रडत बसल्या नाहीत. ग्रामसभेत उभ्या राहिल्या. अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. २०२५ च्या नव्या पाहणीत त्यांचे नाव चढले. घर अजून व्हायचे आहे. पण आता निदान त्यांचे नाव कागदावर आहे. तुम्ही कामाला परगावी जात असाल, तर जाताना शेजाऱ्याला आणि ग्रामसेवकाला सांगून जा. यादी लागली की स्वतः वाचा. दुसऱ्याच्या तोंडावर विसंबू नका.

दुसरी जागा. नाव आहे, पण पाय ठेवायला जागा नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. ज्याच्या नावावर जागा नाही, त्याला घरकुल बांधता येत नाही. त्यासाठी राज्याने २०१५ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना काढली. जागा विकत घ्यायला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. आज किती मिळते, ते पंचायत समितीत विचारा. जागा आधीच असेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून बघा. त्यात घरधनीण आहे का, तेही बघा. घरकुल नवरा-बायको दोघांच्या नावे करावे, असा नियमच आहे. नाव असले की बाईला घराबाहेर काढणे सोपे राहत नाही.

तिसरा हप्ता. २०१६ साली सपाट प्रदेशातल्या घरासाठी १,२०,००० रुपये ठरले. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे हवे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच. संडासाचे १२,००० रुपये आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. पण सारे पैसे एकदम येत नाहीत. पाया झाला की फोटो काढतात, मग पुढचा पैसा बँकेत येतो. भिंती उठल्या की पुन्हा फोटो.

इथेच घात होतो. पहिला हप्ता हाती आला आणि घरात लग्न निघाले. किंवा सावकार दारात आला. पैसा तिकडे गेला. पाया झाला नाही, म्हणून दुसरा हप्ता आला नाही. जुने घर पाडलेले, नवे उभे नाही. ज्याला घर मिळायचे, तोच बेघर झाला! म्हणून पायाचा पैसा पायातच घाला.

आणि पायाची कंजुषी करू नका. पूर्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, तर भिंत तडकते. मुरूम लागेपर्यंत खोदा. जाणत्या गवंड्याला विचारा.

कोणी म्हणेल, "इतके दे, म्हणजे नाव घालतो." त्याला एक पैसा देऊ नका. नाव घालायला पैसे लागत नाहीत.

मंडळी, घर सरकारच्या पैशाने उभे राहील. पण यादी आपल्याला वाचता आली पाहिजे, आणि सभेत आपल्याला बोलता आले पाहिजे. उद्या ग्रामपंचायतीत जा. मावशींसारखे बोट ठेवा. आपले नाव शोधा. आणि शेजारी कोणी निरक्षर असेल, तर त्याचेही शोधा.