श्रावणातल्या महिन्याचा हिशोब

(श्रावणाच्या तोंडावर लालबागमधल्या एका चाळीत, बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



परवा अवस. आपण दिवे घासून पाटावर मांडू, ती आपली दिव्याची अवस. त्याच रात्री खाली नाक्यावर जे चालेल, त्याला आपले पुरुष गटारी म्हणतात. तिथी एक, घर एक, सण मात्र दोन. दुसऱ्या दिवसापासून मटण-मासळी बंद, दारू बंद. कुणी पिठोरीपर्यंत पाळतो, कुणी गणपती विसर्जनापर्यंत ताणतो.

माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आई गेटवर जाऊन उभी राहायची. एका बाजूला वसुलीला आलेला पठाण, दुसऱ्या बाजूला आई. श्रावणात मात्र ती जायची नाही. पाकीट आपोआप घरी यायचं. वाण्याची उधारी त्याच महिन्यात फिटायची, आमच्या राहिलेल्या वह्याही तेव्हाच यायच्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार बंद, पण गुत्त्यावर उधार मिळत होती. तरी वडिलांनी त्या वर्षीही श्रावण पाळला. म्हणजे माणसाला जमतं. देवासाठी जमतं, मग आईसाठी का नाही, हे मला लहानपणीही कळत नव्हतं.

शरीराचं म्हणाल, तर पहिले काही दिवस झोप उडते, चिडचिड होते. मग झोप सुधारते, भूक लागते. लंडनच्या डॉक्टरांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्यापैकी पिणाऱ्या, पण व्यसनी नसलेल्या लोकांनी महिनाभर दारू सोडली, तर त्यांचं वजन आणि रक्तदाब उतरला, शरीरातलं इन्सुलिनचं कामही सुधारलं. तिकडे जानेवारी कोरडा पाळायची मोहीम 2013 पासून आहे. आपल्याकडे श्रावण कधीपासूनचा!

पण ज्याला सकाळी उठल्याउठल्या लागते, त्याची गोष्ट वेगळी. त्याने एकदम सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसायला लागतात. जीवही जाऊ शकतो. अशा वेळी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावत बसू नका. परळला केईएम आहे, तिथे न्या. आधीच डॉक्टरांना विचारून, औषधाखाली सोडवली तर जास्त बरं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करत आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे येणारी प्रत्येक बाई म्हणते, “ताई, दारू सुटली की मारही सुटेल.” काहींचा खरंच सुटतो, नाही म्हणत नाही. पण गेल्या श्रावणात एक मैत्रीण सुजलेला गाल घेऊन आली. आमटीत मीठ कमी होतं. शेजारीण तिला म्हणाली, “प्यायला मिळत नाही ना, म्हणून तापलाय, सांभाळून घे.” अकरा महिने प्यायला म्हणून मारतो, बाराव्या महिन्यात प्यायला नाही म्हणून मारतो! कामावर मुकादमाने शिवी दिली, तर हा कधी हात उगारतो का? कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा, नवरा प्यायला होता की शुद्धीत, हे विचारत नाही. आपणही विचारायचं सोडू या.

म्हणून या श्रावणात प्रत्येकीने एक वही करायची. घरात किती पैसे आले, रात्री किती वाजता सगळे झोपले, पोरं अभ्यासाला बसली का, हात उगारला का. उपास करून त्याच्यासाठी साबुदाणा वडे तळण्यात आपला किती वेळ गेला, तेही लिहा. वही त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, घरी धोका वाटला तर माझ्याकडे ठेवा. लिहिता येत नसेल तिने नुसत्या रेघा मारायच्या: शांत दिवसाला उभी, माराच्या दिवसाला आडवी. पिठोरीनंतरच्या शनिवारी इथेच बसू. वह्या घेऊन या.