चर्चच्या तळघरातला शुक्रवार



मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करतो आणि मी नास्तिक आहे. तरीही आज चर्चविषयी बोलणार आहे.

आमच्या प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ दर शुक्रवारी पाचच्या ठोक्याला निघतो. एकदा कारण विचारलं. म्हणाला, "दारू सोडून सहा वर्षं झाली. आमच्या चर्चमध्ये व्यसनातून सावरणाऱ्यांचा गट सुरू केलाय. पहिले तीन आठवडे कोणीच आलं नाही. कॉफी करायचो आणि ओतून द्यायचो."

मी एकदा गेलो. आधी साधं जेवण, मग गाणी, मग एका बाईंनी स्वतःची हकिगत सांगितली. त्यानंतर स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे गोल करून बसले. नियम दोनच: मध्ये बोलून उपदेश करायचा नाही आणि इथलं बाहेर न्यायचं नाही.

हा साचा जुना आहे. १९३५ साली ओहायोतल्या अॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, सुरू केली. तिचं मूळ एका ख्रिस्ती चळवळीत, पण देव कसा मानायचा हे त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोडलं. पुढे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये जॉन बेकर यांनी 'सेलिब्रेट रिकव्हरी' सुरू केली. ते स्वतः दारूतून सावरलेले. तिथे मात्र देव म्हणजे येशूच.

याचा उपयोग होतो का? एएबद्दल पुरावा चांगला आहे. २०२० च्या कॉक्रन समीक्षेत २७ अभ्यास तपासले गेले. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एएची पद्धतशीर जोड असलेले उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र हा निष्कर्ष चर्चच्या गटांना आपोआप लागू होत नाही.

माझा एक आक्षेपही आहे. त्या संध्याकाळी एक मुलगा म्हणाला, "मी ब्युप्रेनॉर्फिन घेतो." शेजारचा पुटपुटला, "म्हणजे एक नशा सोडून दुसरी." हे साफ चूक आहे. अफूवर्गीय व्यसनात या औषधाने माणसं जगतात. परतताना मी हे बोललो, तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, "पुढच्या वेळी तूच सांग." मी गेलो आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आता मूळ मुद्दा. माझा दादा २००९ मध्ये यकृत निकामी होऊन गेला. घरात आम्ही 'त्याला अॅसिडिटी आहे' असं म्हणायचो. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण पुण्यातच होतं, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. त्याला कोणी तिथे नेलं नाही. मी इथून पैसे पाठवत राहिलो, आणि ते कुठे जातात हे मला ठाऊक होतं.

आपल्या मंडळातही असे दादा आहेत, ताया आहेत. देव मानणाऱ्यांनी त्यांच्यासाठी तळघर उघडलं. आपण विवेकवादी म्हणवतो, मग आपली खोली कुठे आहे?

म्हणून विनंती: महिन्यातला एक शुक्रवार, एक खोली, चहा. प्रार्थना नाही, प्रवचन नाही. औषधांबद्दल बोलायला आपल्यातला एखादा डॉक्टर. पहिल्या शुक्रवारी मी येऊन बसेन. कोणी आलं नाही, तर चहा ओतून देईन आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवीन.