कोकण किनाऱ्याची सहल कशी आखावी?
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात झालेले भाषण)



यंदाची सहल कोकणच्या किनाऱ्याने न्यावी असे कार्यकारिणीने ठरविले, आणि तिचा आराखडा तपासून त्यावर चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. आराखडा माझ्या हातात आहे. चार दिवस आणि बारा ठिकाणे! अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले. ज्या भगिनीने ही यादी केली तिचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे. पण हिशेब केला तर या चार दिवसांत आपल्याला समुद्र दिसेल तो मुख्यत्वे गाडीच्या खिडकीतून. पाय ओले होण्याची शक्यता कमीच.

ही कल्पना कोठून आली तेही मला ठाऊक आहे. आपल्यापैकी एकीची मुलगी परदेशात असते. तिने नवऱ्याबरोबर इटलीच्या किनाऱ्याची सहल केली आणि आईला सगळा कार्यक्रम लिहून पाठविला. नेपल्स, सोरेंतो, काप्रीचे बेट, अमाल्फी, तेथून खाली सिसिली. आगगाडीतून उतरावे, बोटीत बसावे, बेट पाहावे आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी मुक्कामाला जावे. मीही तो कार्यक्रम वाचला आणि मला आवडला. परंतु तो जसाच्या तसा आपल्याकडे उतरवून घेता येणार नाही. तिकडे रेल्वे थेट समुद्रकाठच्या गावांतून जाते; आपली कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगरांच्या पोटातून जाते. म्हणजे स्टेशनवर उतरले की समुद्र गाठायला आणखी तास-दीड तास धरावा.

दुसरा भेद याहून मोठा आहे. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटी यांत हातभरदेखील फरक नसतो. त्यामुळे तिकडच्या प्रवाशाला वादळवाऱ्याची चौकशी करावी लागते, भरतीची नाही. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी हा फरक पंधरा फुटांपर्यंत जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, तरी रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सकाळी जेथे वाळूत चाललो तेथे दुपारी पाणी असते. सांगायचे ते एवढेच की, या किनाऱ्यावरचे वेळापत्रक आपण करीत नाही. ते समुद्राने केलेले असते, आणि आपण त्यात आपली ठिकाणे बसवायची असतात.

खरे तर आपल्याला हे नवे वाटू नये. आपण खाडीकाठच्याच. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजीमहाराजांनी आरमाराचा पाया घातला तो याच खाडीत. दुर्गाडीचा किल्ला अजून तिच्यावर नजर ठेवून उभा आहे. गणपती विसर्जनाला खाडीवर गेले की भरती लागली का हे आपण आधी विचारतो. तोच प्रश्न सहलीच्या आधी महिनाभर विचारायचा, इतकेच.

आता तो सोडवायचा कसा? आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असते, आणि आज तिथी कोणती हे घरातल्या पुरुषांना नसले तरी आपल्याला माहीत असते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीवरूनच भरती काढतात. पंधरवड्यातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्याच्या आधी किंवा नंतर सहा तासांच्या थोडे पुढे ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी छापील वेळापत्रक पाहावे आणि गावातल्या होडीवाल्यालाही विचारून घ्यावे. परंतु सहलीची तारीख ठरवायला ही पाऊणपट पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते. पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ ओसरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही. खडक उघडे पडायला हवे असतील तर अष्टमी उपयोगाची नाही. मग द्वितीया-तृतीया पाहा. उधाणाचा जोर अजून असतो, आणि ओहोटी येते सकाळी साडेसात-आठला, ऊन चढायच्या आत. आपल्या वयाच्या बायकांना यापेक्षा सोयीची वेळ नाही.

ही तिथीची उठाठेव कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर हरिहरेश्वरला मिळते. तेथे काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन झाले की देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून आपण थेट समुद्राच्या खडकांवर येतो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने पोखरून कड्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. अतिशय देखणी जागा आहे. परंतु ही वाट ओहोटीचीच आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये शेवाळलेला खडक. भरती लागली म्हणजे बाजूला व्हायला जागा राहत नाही. भरतीच्या वेळी तेथे गेलेली माणसे लाटेबरोबर गेलेली आहेत. बारा ठिकाणांच्या यादीत हरिहरेश्वरला “दुपारी दोन ते तीन” असे लिहिलेले आहे. पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला भरतीचा आकडा सव्वादोन येतो. घाईत असलेला गाडीवाला “चला, पटकन उरका” म्हणणार, आणि वीस बायका भरतीच्या तोंडी खडकावर उतरणार. चिटणीसबाई, हा कागद मी परत करते आहे तो मुख्यत्वे या एका ओळीसाठी.

समुद्राची घाई काय करते हे आपल्या ठाण्या-रायगडच्या जुन्या घरांतून सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात सापडून बुडाली. सणासाठी घरी निघालेली सहाशेंहून अधिक माणसे त्या सकाळी गेली. आता मुंबईहून मांडव्याला २०२० पासून मोटारीसकट नेणारी मोठी बोट आहे आणि ती तासाभरात पोहोचवते. साधने सुधारली, तरी पावसाळ्यात कोकणच्या जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, आणि त्या उघडल्यानंतरही होडीवाला “आज नको” म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. होडीत दिलेले तरंगजाकीट साडीवर बरे दिसत नाही म्हणून मांडीवर घेऊन बसणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. ते अंगात घालण्यासाठी असते.

मग आपली सहल कशी असावी? मी कार्तिक वद्य प्रतिपदेला निघण्याचे सुचविते. त्रिपुरी पौर्णिमा घरी करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, मुलांच्या शाळा सुरू असतात, आणि मार्गशीर्षातले गुरुवार अजून लागलेले नसतात, म्हणजे लक्ष्मीच्या व्रताची कोणाची अडचण नाही. शनिवार-रविवार शक्यतो किनाऱ्यावर पडू देऊ नये. त्या दोन दिवशी मुंबई-पुणे तेथेच असते.

पहिला मुक्काम मुरूड-जंजिऱ्याला. येथे एक सावधगिरी सांगते. किनाऱ्यावर मुरूड दोन आहेत, एक रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळचे आणि दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे. मध्ये दोन खाड्या आहेत. खोल्या ठरविताना जिल्हा आणि तालुका लिहून घ्यावा. आपले दोन्ही मुरूडांत मुक्काम आहेत, म्हणून घोटाळ्याला जागा दुप्पट!

द्वितीयेला सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. १९४८ साली संस्थान भारतात विलीन होईपर्यंत सिद्दींच्या ताब्यातून हा किल्ला कोणालाही घेता आला नाही; आपल्याला मात्र तो तिकीट काढून मिळतो. परंतु होडी थेट दरवाज्याच्या पायरीला लागते, आणि होडी हलत असते, पायरी हलत नसते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हट्ट करू नये, आणि ज्या जातील त्यांनी “तुम्ही बसा हो” असे म्हणून त्यांना गाडीत डांबूनही ठेवू नये. त्यांच्यासाठी मुरूडची वाळू आणि शहाळी ठेवावीत. दोन तुकड्या होतील आणि दुपारी जेवायला एकत्र येतील. मागे एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो, तेव्हा आपल्या तीन ज्येष्ठ भगिनींनी तीन किल्ले वाहनतळावरून पाहिले. पैसे त्यांनी पूर्ण भरले होते.

दुपारी आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने, गाडीसकट. दिवेआगरला सुवर्णगणेशाचे दर्शन. १९९७ साली नारळीच्या वाडीत सापडलेला, २०१२ साली चोरीला गेलेला आणि २०२१ साली नव्या रूपात पुन्हा बसलेला. मग हरिहरेश्वरला दोन रात्री. तृतीयेला सकाळी आठच्या ओहोटीला प्रदक्षिणा, आणि त्यानंतर त्या दिवशी काहीही नाही. ज्यांना स्वस्थ बसवत नाही त्यांनी पेशव्यांच्या श्रीवर्धनला जाऊन रोठा सुपारी आणावी.

चतुर्थीला बागमांडल्याहून वेश्वीला सावित्रीची खाडी ओलांडायची. ही बोट चुकली तर दुसरी येईपर्यंत धक्क्यावर बसावे. रस्त्याने वळसा फार मोठा आहे. दापोली-गुहागरकडच्या दाभोळ खाडीवर २००३ साली अशी वाहने नेणारी बोट सुरू झाली आणि मग इतर खाड्यांवर झाली. त्याआधी किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी घेऊन जाणे म्हणजे दर खाडीला महामार्गापर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर येणे होते. त्या दिवशी संकष्टी आहे, तेव्हा आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गर्दी असणार. तरी गाडीरस्ता वर जातो. उपास करणाऱ्यांनी आपली संख्या खानावळीत आदल्या दिवशीच कळवावी. ऐनवेळी वीस पानांत सात पाने साबुदाण्याची निघाली की गावातल्या बाईची तारांबळ उडते, आणि ती बाई आपल्यासारखीच असते. चंद्रोदय मात्र समुद्रात शोधू नका, तो पाठीमागच्या डोंगरावर होईल.

शेवटचा मुक्काम दापोलीचे मुरूड, पुन्हा दोन रात्री. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, समोर सुवर्णदुर्ग दिसतो. ते पाहावेच. पण मला हे गाव आपल्या सहलीत हवे आहे ते निराळ्या कारणाने. महर्षी कर्व्यांचे बालपण येथे गेले. परीक्षेसाठी ते येथून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत पायी गेले, आणि लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. त्यापुढची गोष्ट सहसा सांगत नाहीत. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केले, तेव्हा याच गावाने सभा घेऊन त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि जन्मदात्या आईला मुला-सुनेला उघडपणे घरात घेणे अवघड झाले. त्या गोदूबाई म्हणजेच बाया कर्वे. त्यांचे ‘माझे पुराण’ आपल्यापैकी कितीजणींनी वाचले आहे? जाण्यापूर्वी मंडळाच्या दोन बैठकांत ते मोठ्याने वाचावे असे मी सुचविते. मग मुरूडच्या त्या माडांच्या सावलीतल्या गल्लीतून चालताना आपण निराळ्या पायांनी चालू. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. आपल्यापैकी निदान चौघी त्याच्या पदवीधर आहेत.

षष्ठीला परतायचे. सवड असल्यास थोडा वळसा घेऊन पालगडला, साने गुरुजींच्या जन्मगावी, आणि मग खेडला आगगाडी. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते; तेथून आपली लोकल आहेच.

गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरीचा थिबा राजवाडा हे सारे राहिले, आणि मालवणही राहिले. राहू द्या. सिंधुदुर्गसाठी पुढच्या वर्षी कुडाळपर्यंत रेल्वेने जाऊ. खाऱ्या पाण्यातल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्या पाहायला अर्धा दिवस तरी हवा.

आता दोन गोष्टी पैशाच्या आणि पोळ्यांच्या. स्टोव्ह, परात, पीठ यांतले काहीही बरोबर घ्यायचे नाही. सहलीला जाऊन वीस जणींचा चहा करणाऱ्या दोघी कोण असतात हे आपल्याला माहीत आहे, आणि दर वर्षी त्या दोघीच असतात. लाडू-चिवडा चालेल. वर्गणी एकदम मागू नये. चैत्रापासून दरमहा भिशीसारखी जमवावी, म्हणजे “मला यंदा जमणार नाही” असे कोणाला खालमानेने म्हणावे लागणार नाही. मागच्या खेपेला तसे म्हणणाऱ्या दोघींना खरोखरच घरचे काम होते असे आपण समजून घेतले होते.

खोल्या तळमजल्याच्या मागाव्यात, आणि प्रत्येक खोलीत एक तरी तरुण भगिनी असावी. नावे नारळी पौर्णिमेपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावीत. दोन्ही मुरूडांतल्या घरवाल्यांना आश्विन लागण्यापूर्वी पत्र जायला हवे.