मोटारीच्या दाराचे अस्तर



या व्यासपीठावरून गहन विषयांची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी हाताशी, किंबहुना कोपराशी असलेला आहे. मोटारीत बसल्यावर आपले कोपर जेथे टेकते, ते दाराच्या आतल्या बाजूचे अस्तर जुने झाले, फुगले किंवा फाटले म्हणजे त्याची डागडुजी कशी करावी, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. गॅरेजमध्ये याला डोअर पॅनेल किंवा डोअर ट्रिम म्हणतात. आम्ही अस्तर म्हणतो, कारण कोटाच्या अस्तराप्रमाणे ते आतल्या ओबडधोबड गोष्टी झाकते, आणि कोटाच्या अस्तराप्रमाणेच ते फाटेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

उदाहरणादाखल आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. गोलसर नाकामुळे जिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती त्यांतलीच. पुढे १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. कालांतराने तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमामुळे, निवृत्त झाली. परंतु हौशी मालकांच्या वाड्यांत आणि गावोगावच्या पडव्यांत पद्मिनी अजून उभ्या आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या दारांची अस्तरे खालच्या बाजूने पापडासारखी फुगलेली आहेत.

ती खालूनच का फुगतात, हा पहिला प्रश्न. अस्तराचा गाभा हार्डबोर्डचा असतो. लाकडाचे तंतू वाफेने मोकळे करून, उष्णता आणि दाब देऊन त्यांचा पातळ फळा करावयाचा, ही युक्ती अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४ च्या सुमारास काढली. फळा स्वस्त, सरळ आणि कापावयास सोपा. पण त्यात तंतू दाबून बसवलेले असतात. पाणी लागले की ते मोकळे होतात आणि वाळल्यावर पुन्हा पहिल्या जागी जात नाहीत. म्हणून फुगलेला हार्डबोर्ड उन्हात कितीही ठेवला आणि त्यावर पाटा ठेवून कितीही दाबला, तरी पूर्ववत होत नाही.

मग दाराच्या आत पाणी येते कोठून? येथे बहुतेकांची समजूत चुकते. काच बंद असली की दारात पाणी जात नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी की मोटारीचे दार जलाभेद्य नसतेच, आणि तसे ते करण्याचा हेतूही नसतो. काचेच्या बाहेरच्या अंगाला जी रबरी पट्टी असते ती पाऊस थोपवते, अडवीत नाही. काचेवरून ओघळलेले काही पाणी दाराच्या पोटात उतरतेच. त्याला बाहेर जाता यावे म्हणून दाराच्या तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. आणि पोटातला ओलावा अस्तराला लागू नये म्हणून पत्रा व अस्तर यांच्यामध्ये डांबरी कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. त्याची खालची कड दाराच्या आत खोचलेली असते, म्हणजे त्यावरचे थेंब परत दाराच्या पोटात पडतात. घराला कौले, पन्हळ आणि मोरी, तशीच ही व्यवस्था.

आता काय होते पाहा. कधीकाळी काच वर-खाली होईना म्हणून कोणी दार उघडले, पडदा फाडला आणि काम झाल्यावर तो तसाच टाकून दिला. तळाची भोके धूळ, पालापाचोळा आणि मागाहून मारलेल्या जाड रंगाने बुजली. वरची पट्टी उन्हाने तडकली. जूनमध्ये पाऊस आला की दाराच्या पोटात तळे साचते, हार्डबोर्ड ते शोषतो, आणि मालक म्हणतो की अस्तराचा माल हलका होता. तो बाजारात जाऊन झगझगीत नवे अस्तर बसवतो आणि दोन पावसाळ्यांनी तेही फुगते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, अस्तराची दुरुस्ती अस्तरापासून सुरू करू नये. आधी ते हलक्या हाताने उतरवावे. काच फिरवण्याची मूठ कोठे पिनेने, कोठे स्क्रूने, तर कोठे घोड्याच्या नालेसारख्या क्लिपने बसवलेली असते. काच पूर्ण वर असताना मूठ कोणत्या बाजूला होती, ते आधी टिपून ठेवावे. मग हात टेकण्याच्या दांड्याचे स्क्रू काढावेत. अस्तराच्या कडेने स्प्रिंगच्या क्लिपा पत्र्याच्या भोकांत दाबून बसवलेल्या असतात. रुंद, बोथट पात्याला फडके गुंडाळून ते क्लिपेच्या अगदी जवळ घालावे आणि एकेक क्लिप सोडवावी. कोपरा धरून ओढला तर कुजलेला बोर्ड हातात येतो आणि क्लिपा दारात राहतात.

दार उघडे पडले की तळाची भोके बारीक काडीने मोकळी करावीत, गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, काच चढवणाऱ्या यंत्राला ग्रीस लावावे. मग एक तांब्याभर पाणी बंद काचेवर बाहेरून ओतावे. ते थोड्या वेळात दाराच्या तळातून खाली ठिबकले पाहिजे. ठिबकले, तर पुढे जावे. न ठिबकले, तर अस्तराला हात लावू नये. त्यानंतर जाड प्लॅस्टिकचा नवा पडदा कापून, कडेने नीट चिकटवून आणि खालची कड आत खोचून बसवावा. या पडद्याला खर्च फार थोडा, पण सगळ्या दुरुस्तीचे आयुष्य त्याच्यावर आहे.

आता अस्तर. ते कितीही कुजलेले असो, ते फेकून देऊ नका, अशी आमची हात जोडून विनंती आहे. नवी अस्तरे पुरवणारा मूळ कारखाना आता नाही. मुठीचे भोक कोठे, क्लिपांचे अंतर किती, कोपऱ्याची गोलाई कशी, याचा आपल्या घरातला पुरावा तो कुजका तुकडाच आहे. तो नव्या बोर्डावर ठेवून पेन्सिलीने आखावा. खालचा भाग गळून गेला असेल, तर दुसऱ्या बाजूच्या दाराचे अस्तर उलटे ठेवून आखता येते. नवा बोर्ड सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा घ्यावा, आणि कापून झाल्यावर दोन्ही अंगांना, विशेषतः कडांना आणि भोकांच्या तोंडांना, व्हार्निश पाजावे. पाणी कडेतूनच शिरते.

वरचे आवरण म्हणजे रेक्झिन. हे मूळचे इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या कृत्रिम चामड्याचे नाव. आपल्याकडे ते तसल्या सर्वच कापडाला चिकटले. अलीकडचे रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने ते हळूहळू उडून जाते, आणि बंद मोटारीच्या काचांवर आतून जो चिकट धूसरपणा दिसतो त्यात त्याचाही वाटा असतो. ते गेले की रेक्झिन आखडते आणि तडकते. पेट्रोलने किंवा थिनरने पुसल्यास हाच नाश लवकर होतो. साबणाचे सौम्य पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे.

जुने रेक्झिन शाबूत असेल तर तेच वापरावे. ते आपल्या वैशाखातल्या उन्हात थोडा वेळ ठेवले की मऊ पडते आणि ताणता येते. चांभाराकडे असते तसले रबरी सोल्युशन दोन्ही पृष्ठांना लावून, ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके सुकू द्यावे आणि मग दाबावे. सुरुवात मधून करून कडांकडे जावे, म्हणजे हवा कोंडत नाही. कोपऱ्यावर मागच्या बाजूस त्रिकोणी खाचा द्याव्यात, म्हणजे चुण्या पडत नाहीत. लहान फाट असेल तर तिच्यामागे कापडाचा तुकडा चिकटवून कडा जुळवाव्यात. नवे रेक्झिन घेणे भागच पडले, तर मूळच्या उष्णतेने उमटवलेल्या रेघांच्या जागी कुशनचे काम करणारा कारागीर शिलाई घालून देतो. ती शिलाई मूळ नव्हे, पण ती लपवण्याचेही कारण नाही.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? झगझगीत आवरण वरून चढवले की झाले. श्रोतेहो, वरून कीर्तन आणि आतून तमाशा, अशी त्याची गत होते. फुगलेल्या अस्तराचे नुकसान स्वस्त बोर्डाचे नसते. ज्या पाण्याने बोर्ड फुगवला तेच पाणी दाराच्या तळाचा पत्रा खात असते. बोर्ड पुन्हा कापता येतो. पद्मिनीचे चांगले दार शोधावयास निघालात, तर भंगारबाजार पालथा घालावा लागेल. फुगलेले अस्तर ही दाराने वेळेवर दिलेली सूचना आहे. ती झाकणाऱ्याचे दार जाते, ती वाचणाऱ्याचे राहते.

ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांनाही हे घरी नेता येण्यासारखे आहे. भिंतीला ओल आली की आपण रंगाऱ्याला बोलावतो, आणि पन्हळ मात्र वर तशीच गळत राहते.  पावसाळ्यापूर्वी दाराच्या तळाची भोके मोकळी झाली, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.