मिठागरांची न लिहिलेली बखर



भाईंदरच्या मिठाची नोंद सरकारी कागदांत नाही, असे नाही. मिठावर कर होता, म्हणून दप्तरही होते. मीठ किती पिकले आणि वसूल किती आला, हे त्यात लिहिले गेले. परंतु भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन, ते उन्हात आटवून ज्यांनी मीठ ओढले, ज्या स्त्रियांनी ते टोपल्यांतून वाहिले, त्यांची सुखदुःखे लिहिण्याचे त्या दप्तराला कारण नव्हते. सत्ता स्वतःला हवे तेवढेच मोजते आणि जे मोजले गेले तोच पुढे इतिहास ठरतो.

कादंबरीचे काम येथे सुरू होते. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पोलिसांच्या हजेरीपटावर त्या माणसांची नावे होती, मने नव्हती. विभावरी शिरूरकरांनी १९५० साली ‘बळी’ कादंबरीत तारेच्या कुंपणाआडची ही माणसे मराठी वाचकांसमोर उभी केली. १९५९ साली अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ आली आणि सरकारी भाषेतला दरोडेखोर उपाशी जिवांसाठी लढणारा वीर ठरला. शिरूरकर त्या जगात बाहेरून गेल्या. अण्णा भाऊ त्याच मातीतून आले. दोघांचेही मोल मोठे आहे. परंतु ज्याचा इतिहास त्याच्याच हाती लेखणी आली, की सहानुभूतीच्या जागी न्यायाची मागणी उभी राहते.

उत्तन-डोंगरीचा इतिहास असाच दबलेला आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पाठ्यपुस्तक या दोन तारखांत आटोपते. ज्यांचा धर्म बदलला, पण बोली, होडी आणि नांगर बदलला नाही, त्या कुटुंबांचे काय? १८८७ साली मुंबई परिसरातील स्थानिक ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. नाव इंग्रजी, उपासना रोमन चर्चची आणि लग्नातली गाणी मराठी बोलीतली! हा गुंता जनगणनेच्या रकान्यात मावत नाही, कादंबरीत मावतो.

मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. लेखकाला पात्र कल्पिण्याची मुभा आहे, पुरावा कल्पिण्याची नाही. दुसरे, अस्मितेचे कुंपण होता कामा नये. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात देशभरातून कष्टकरी आले. मिठागरातल्या आगरी मजुराची कथा परप्रांतीय गवंड्याला हुसकावण्यासाठी वापरली गेली, तर ती त्या मजुराशीच बेइमानी ठरेल. दोघांच्याही घामावर इतरांनी इमले उभारले आहेत.

खाजणे बुजतात, बोली विरते आणि सांगणारी माणसे थकतात. म्हणून ललित लेखक येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या वृद्धांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावे. उद्याच्या कादंबरीचे ते बियाणे आहे, आणि उद्याच्या हक्काच्या लढ्याचेही.