कायद्याचें खापर कोणाच्या माथीं ?



एखादा कायदा अप्रिय ठरला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो : हा कायदा केला तरी कोणीं ? प्रश्न सोपा दिसतो. पण त्याचें उत्तर शोधावयास निघालें म्हणजे मोठी मौज दृष्टीस पडते. मंत्री म्हणतात, आम्हीं केवळ विधेयक मांडलें, संमति सभागृहानें दिली. सभासद म्हणतात, पक्षाची आज्ञा होती, आमचा इलाज काय ? पक्षाचे पुढारी म्हणतात, लोकांनीं आम्हांस निवडून दिलें तें याचसाठीं. आणि लोक म्हणतात, आम्हीं मत दिलें तें माणसाला. या कायद्याविषयीं आम्हांस कोणीं विचारलें होतें? अशा रीतीनें हें जबाबदारीचें घोंगडें एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जात जात शेवटीं कोणाच्याच खांद्यावर राहात नाहीं. तें मुळांत कोणाचें, आणि कोणाच्या वांट्यास त्याचा किती भाग येतो, याचा थोडासा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

परक्या अमलांत हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. १९१९ च्या मार्च महिन्यांत वरिष्ठ कायदेमंडळानें रौलट कायदा मंजूर केला, तेव्हां ३५ मतें अनुकूल व २० मतें प्रतिकूल पडलीं. निवडून आलेल्या हिंदी सभासदांनीं विरोध केला होता. पण सरकारी सभासदांचें बहुमत ठरलेलें असल्यामुळें त्या विरोधाचा उपयोग झाला नाहीं. पंडित मदनमोहन मालवीय व बॅरिस्टर जिना यांनीं त्याच्या निषेधार्थ कायदेमंडळाचे राजीनामे दिले. त्या काळीं या कायद्याचा दोष कोणाचा हें कोणास सांगावें लागलें नाहीं. दोष सरकारचा, आणि सरकार आपलें नव्हे, एवढें उत्तर पुरेसें होतें. परंतु २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा हक्क मिळाला, आणि त्याबरोबरच हें सोयीचें उत्तर आपल्या हातून कायमचें गेलें. सरकार आपलें झालें, तेव्हां त्याच्या चुकाही आपल्या घरच्या झाल्या.

आतां चुकांचेही प्रकार आहेत. त्यांतला पहिला प्रकार केवळ हाताच्या चुकीचा. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत जुलै २०१२ मध्यें असा प्रसंग घडला. जमिनीखालचे खडक फोडून नैसर्गिक वायु काढण्यास वाट करून देणारें एक विधेयक तेथील गव्हर्नर बेव्हर्ली पर्ड्यू यांनीं नाकारलें होतें. तो नकार बाजूस सारण्यास प्रतिनिधिगृहांत तीनपंचमांश मतें हवीं होतीं. बेकी कार्नी या बाई त्या विधेयकाच्या विरोधक. पण रात्रीं उशिरां मतदान झालें तेव्हां त्यांनीं चुकून नको तें बटण दाबलें. ७२ विरुद्ध ४७ मतांनीं नकार रद्द झाला. जेवढीं मतें हवीं होतीं तेवढींच पडलीं, एकही अधिक नाहीं. कार्नीबाईंनीं तत्काळ आपलें मत बदलून मागितलें. परंतु ज्या बदलानें निकालच फिरतो असा बदल करतां येत नाहीं, असा त्या सभागृहाचा नियम होता. कायदा झाला तो झालाच.

स्पेनमध्यें ३ फेब्रुवारी २०२२ रोजीं मजुरांसंबंधींचा एक महत्त्वाचा कायदा १७५ विरुद्ध १७४ मतांनीं संमत झाला. विरोधी पक्षाचे आल्बेर्तो कासेरो हे आजारी असल्यामुळें घरूनच संगणकावरून मत देत होते, आणि त्यांचें मत कायद्याच्या बाजूनें नोंदलें गेलें. हा यंत्राचा दोष आहे, असें त्यांच्या पक्षाचें म्हणणें पडलें. पण याच मतदानांत दुसऱ्या एका लहान पक्षाच्या दोन सभासदांनीं आपल्या पक्षाची आज्ञा मोडून कायद्याच्या विरुद्ध मत दिलें होतें. एकाची चूक आणि दोघांची बंडखोरी मिळून निकाल लागला.

अशा प्रसंगीं सारें खापर त्या एका सभासदाच्या माथीं फुटतें. हें न्यायाचें आहे काय ? नॉर्थ कॅरोलायनांतील ७२ मतांपैकीं एक मत चुकीचें होतें. उरलेलीं ७१ मतें समजून उमजून दिलेलीं होतीं. भिंतीवर शेवटची वीट ठेवणाऱ्यानें सारी भिंत बांधली असें कोणी म्हणत नाहीं. कायद्याचे कर्ते ते ७१ जण. चुकणारीचा दोष बेसावधपणाचा, आणि तो तेवढाच मोजला पाहिजे. शिवाय माणसाचा हात चुकणार हें धरून चालणें हें नियम करणाऱ्यांचें काम आहे. आपल्या लोकसभेंत यंत्रानें मतदान झाल्यावर चुकीचें बटण दाबलेल्या सभासदास चिठ्ठी देऊन आपलें मत दुरुस्त करून घेतां येतें, आणि आंकडे जाहीर करतांना ते दुरुस्तीस अधीन आहेत असें अध्यक्ष सांगून ठेवतात. हा शहाणपणाचा रिवाज आहे.

पण हाताच्या चुकीपेक्षां दुसरा एक प्रकार अधिक भयंकर आहे. तो म्हणजे न पाहतां, न बोलतां मत देण्याचा. याचें उदाहरण शोधण्यास परदेशीं जावयास नको. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती झाली आणि तिच्यांतून ६६ अ हें कलम जन्मास आलें. संगणक अथवा दूरध्वनि यांवरून कोणास त्रासदायक वा अतिशय आक्षेपार्ह वाटेल असा मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा सारांश. त्रास म्हणजे काय, आक्षेपार्ह कशास म्हणावयाचें, याची व्याख्या नव्हती. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यास महिनाही झाला नव्हता. २२ डिसेंबर रोजीं लोकसभेनें हें विधेयक गोंधळांतच, चर्चेवांचून संमत केलें, व दुसऱ्या दिवशीं राज्यसभेनेंही संमति दिली. त्या दिवशीं सभागृहांत कोणाचाही हात चुकला नव्हता. चुकलें तें लक्ष.

या अनास्थेची किंमत चार वर्षांनीं आपल्याच महाराष्ट्रांत मोजावी लागली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं श्री. बाळ ठाकरे यांचें निधन झालें व मुंबई बंद राहिली. त्या बंदाविषयीं पालघर येथील एका तरुणीनें फेसबुकावर चार ओळी लिहिल्या, आणि तिच्या एका मैत्रिणीनें त्यांस पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. पुढें त्यांची जामिनावर सुटका झाली, खटला काढून घेण्यांत आला, दोघां पोलिस अधिकाऱ्यांना निलंबितही करण्यांत आलें. पण पोलिसांनीं हातीं घेतलेलें शस्त्र त्यांनीं स्वतः घडविलेलें नव्हतें. तें संसदेनें घडवून त्यांच्या हातीं दिलें होतें.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. दरम्यान २०१४ सालीं सरकार बदललें. तरी न्यायालयांत या कलमाचें समर्थन नव्या सरकारच्या वतीनेंही झालें. कलमाचा उपयोग आम्ही जपूनच करूं, असें आश्वासन देण्यांत आलें. न्यायमूर्तींनीं तें मानलें नाहीं. सरकारें येतात आणि जातात, कायदा मात्र मागें राहतो. एका सरकारचा शब्द दुसऱ्यास बांधून ठेवीत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २४ मार्च २०१५ रोजीं हें कलम घटनाबाह्य म्हणून रद्द झालें. आणि तरीही गोष्ट संपली नाहीं ! रद्द झालेल्या कलमाखालीं पोलिस अजून गुन्हे नोंदवितात हें पाहून जुलै २०२१ मध्यें त्याच न्यायालयास विस्मय व्यक्त करावा लागला, व ऑक्टोबर २०२२ मध्यें या कलमाखालीं कोणावरही खटला चालवूं नये अशी स्पष्ट आज्ञा करावी लागली. चर्चेवांचून दोन दिवसांत केलेली चूक निस्तरण्यास जवळजवळ चौदा वर्षें पुरलीं नाहींत.

या एका उदाहरणांत जबाबदारीचे सारे भागीदार दिसतात. मसुदा सैल लिहिणारे, तो मांडणारे मंत्री, त्यास मुकाट्यानें मान डोलावणारे दोन्ही बाजूंचे सभासद, आणि हातीं आलेल्या अधिकाराचा विवेक न करणारे पोलिस. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. पैशाचें कर्ज दहा जणांत वांटलें म्हणजे प्रत्येकाचा भार हलका होतो. जबाबदारीचें तसें नाहीं. पांचशें माणसांनीं मिळून अन्याय केला तर प्रत्येकाच्या वांट्यास अन्यायाचा पांचशेंवा भाग येत नाहीं. ज्याच्या हातीं जेवढें होतें, तेवढें त्यानें केलें कीं नाहीं, हीच प्रत्येकाची कसोटी.

सभासद म्हणतील, आमच्या हातीं आहे तरी काय ? या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. १९८५ सालच्या ५२ व्या घटनादुरुस्तीनें पक्षांतरबंदीचे नियम घटनेंत आले. पक्षाच्या आज्ञेविरुद्ध मत देणाऱ्या सभासदास पक्षानें पंधरा दिवसांत क्षमा केली नाहीं, तर आपली जागा गमवावी लागते. आयाराम-गयारामांचा बाजार बंद व्हावा हा हेतु चांगलाच होता. परंतु त्याबरोबर सभासदाच्या सदसद्विवेकबुद्धीसही कुलूप लागलें. तथापि, ही आज्ञा मताला बांधते, जिभेला नव्हे. सभासदास भाषण करतां येतें, दुरुस्ती सुचवितां येते, विधेयक समितीकडे पाठवा असा आग्रह धरतां येतो. शिवाय आपल्याकडे बहुतेक कायदे 'होय' व 'नाहीं' अशा नुसत्या आवाजावर संमत होतात. त्यांत कोण काय म्हणाला याची नांवनिशीवार नोंद राहात नाहीं. कोणाही सभासदास मतविभागणी मागतां येते. जो ती मागत नाहीं, तो आपलें नांव लपविण्याची सोय स्वखुषीनें स्वीकारतो. पक्षाची आज्ञा हें मताचें कारण होईल. मौनाचें कारण ती होऊं शकत नाहीं.

आतां राहिलों आपण, मत देणारे. लाखों मतांत माझें एक मत, आणि मीं मत दिलेला उमेदवार कदाचित् पडलेलाही. मग माझी जबाबदारी कोठून आली, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदींच चुकीचा नाहीं. मतदार माणूस निवडतो, एकेक कायदा निवडीत नाहीं. पांच वर्षांत पुढें येणाऱ्या शेंकडों विधेयकांचा जाब त्याला विचारणें अन्यायाचें होईल. पण मत देणें म्हणजे मुखत्यारपत्र लिहून देणें होय. व्यवहारांत आपण एखाद्यास मुखत्यार नेमलें, तर तो काय लिहितो, कशावर सही करतो, याची अधूनमधून चौकशी करतों. न केली व घर गेलें, तर दोष मुखत्याराचा खराच. पण शेजारी आपणांसही शहाणे म्हणत नाहींत. मतदाराचा दोष त्यानें अमक्यास निवडलें यांत क्वचितच असतो. निवडून दिल्यावर पांच वर्षें तिकडे पाठ फिरवितो, यांत तो बहुधा असतो.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरोघरीं वाचली जाते. महादेवाचा गाभारा दुधानें भरावा म्हणून राजानें हुकूम सोडला, घरचें सारें दूध देवळांत आणावें. लोकांनीं भयानें तसें केलें. मुलें उपाशीं राहिलीं, वासरें उपाशीं राहिलीं, आणि गाभारा कांहीं भरला नाहीं. एका म्हातारीनें मात्र आधीं मुलाबाळांस, गाईवासरांस तृप्त केलें, व उरलेलें खुलभर दूध देवास वाहिलें. तेव्हां गाभारा भरला. या कहाणीकडे आपण भक्तीची गोष्ट म्हणून पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण त्या उपाशी वासरांचा दोष कोणाचा, असा प्रश्न तेथें विचारून पाहावा. हुकूम राजाचा, पण दूध काढून नेणारे हात लोकांचे होते. साऱ्या गांवांत एकही जण राजास म्हणाला नाहीं कीं, महाराज, यांत वासरें मरतील. म्हातारीला तें ठाऊक होतें. तिनें तें आचरणांत आणलें, आणि राजानें विचारल्यावर आधीं अभय मागून स्पष्ट सांगितलेंही. राजाचाही थोरपणा असा कीं, त्यानें तिला शिक्षा न करतां कारण विचारलें.

आपणांस अभय मागावें लागत नाहीं. तें घटनेनें दिलें आहे. मग सांगण्यास अडचण कसली ? आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधि कोण, तो सभागृहांत हजर असतो कीं नाहीं, एखाद्या वादग्रस्त विधेयकावर तो काय बोलला, याची माहिती आज सुशिक्षित घरांस मिळविणें कठीण नाहीं. विधेयक मांडलें जाण्याच्या वेळीं पाठविलेलें एक पत्र, कायदा झाल्यानंतर दिवाणखान्यांत केलेल्या शंभर तक्रारींहून अधिक मोलाचें असतें.

म्हणून यापुढें एखादा कायदा जाचक वाटला, आणि हा कायदा केला तरी कोणीं, असा प्रश्न ओठांवर आला, तर त्याच्याआधीं दुसरा एक प्रश्न विचारावा : त्या दिवशीं आमच्या प्रतिनिधीनें काय मत दिलें ? उत्तर मिळालें तर तें लक्षांत ठेवावें. आणि त्याची नोंदच नाहीं असें उत्तर आलें, तर ती कां नाहीं हें त्यालाच पत्र लिहून विचारावें. घोंगडें कोणाच्या खांद्यावर आहे, हें त्या पत्राच्या उत्तरावरून कळूं लागेल.